घरचा फाइल सर्व्हर अडतो तेव्हा

घरातील छायाचित्रे, लग्नामुंजींची चित्रणे, शेतीचे खसरे, आजोबांच्या काळातील मालगुजारीच्या दस्तऐवजांचे स्कॅन आणि मुलांच्या गुणपत्रिका हे सारे दफ्तर एका जागी राहावे, आणि घरातल्या कोणत्याही फोनवरून वा संगणकावरून ते पाहता यावे, या उद्देशाने कोपऱ्यात धूळ खात पडलेल्या जुन्या संगणकाला फाइल सर्व्हरचे रूप देण्याचा उद्योग बालाघाट, वारासिवनी, लांजी, कटंगी या बाजूची मंडळी आता करू लागली आहेत. त्यांचा प्रश्न आमच्याकडे येतो तो बहुधा एकाच ठराविक स्वरूपात: ‘प्रणाली बसविली, परंतु डिस्क दिसत नाही, किंवा दिसते आणि मध्येच नाहीशी होते, डिस्क उडाली असे दुकानदार म्हणतो, तरी नवी कोणत्या कंपनीची घ्यावी?’ या प्रश्नात निकाल आधीच लागलेला असतो; विचारणा उरते ती फक्त खर्चाची. वस्तुतः अशा तक्रारींच्या मुळाशी खुद्द डिस्क असतेच असे नाही. आधी वीज, मग तारा आणि जोडण्या, आणि सर्वांत शेवटी डिस्क, या क्रमाने तपास केल्यास पुष्कळदा शे-दोनशे रुपयांच्या केबलवर काम भागते, आणि न भागले तरी दोष नेमका कोठे आहे हे आपल्याला पुराव्यानिशी सांगता येते.

तपासाला आरंभ करण्यापूर्वी तीन पथ्ये पाळावीत:

- एका वेळी एकच वस्तू बदलावी. केबल, पोर्ट आणि एसएमपीएस एकदमच बदलल्याने यंत्र चालू झाले, तरी दोष कशात होता हे कळत नाही, आणि दोषी वस्तू पुन्हा अडगळीत जाऊन पुढच्या वर्षी पुन्हा वापरात येते.
- प्रत्येक बदलाची तारीखवार नोंद एका वहीत ठेवावी. पुढे हमीचा वाद उद्भवला तर हीच वही कामास येते.
- सर्व्हर महिनाभर निर्वेध चालेपर्यंत मूळ छायाचित्रे व कागद जेथे आहेत तेथून पुसू नयेत.

प्रथम वीज

आपल्या जिल्ह्यात हा भाग सर्वांत महत्त्वाचा असूनही त्याकडेच सर्वांत कमी लक्ष दिले जाते. घरगुती पुरवठा २३० व्होल्टचा असावा असे आपण मानतो. परंतु उन्हाळ्यात संध्याकाळी कूलर आणि पंप एकाच वेळी चालू झाले म्हणजे गावाच्या टोकाकडील घरांत तो किती खाली येतो, हे एकदा मल्टिमीटर लावून पाहावे. दिवसा सुरळीत चालणारा सर्व्हर रात्री आठनंतर आपोआप बंद पडून पुन्हा सुरू होत असेल, तर मदरबोर्डाविषयी शंका घेण्याआधी याच वेळचे व्होल्टेज टिपावे.

दुसरी गोष्ट अर्थिंगची. संगणकाच्या पत्र्याच्या पेटीला हात लावताच झिणझिण्या येतात, ही तक्रार इतकी सार्वत्रिक आहे की पुष्कळांना ती स्वाभाविकच वाटते. एसएमपीएसच्या आतील फिल्टरचे कपॅसिटर पेटीकडे अत्यल्प प्रवाह सोडतात; तो अर्थिंगवाटे जमिनीत जावा अशी योजना असते, आणि अर्थिंगच नसेल तर पेटीवर पुरवठ्याच्या सुमारे निम्मे व्होल्टेज तरंगत राहते. मग एखादी यूएसबी डिस्क वा नेटवर्कची केबल जोडताना तोच प्रवाह नाजूक सर्किटांतून वाट काढतो, आणि पोर्ट एकाएकी निकामी होतात. जाणत्या वायरमनकडून सॉकेटची तपासणी करवून घ्यावी: फेज आणि न्यूट्रल यांमध्ये जेवढे व्होल्टेज, जवळजवळ तेवढेच फेज आणि अर्थ यांमध्ये दिसले पाहिजे, आणि न्यूट्रल व अर्थ यांमध्ये ते दोन-चार व्होल्टच्या वर असू नये. मीठ-कोळशाचा जुना अर्थिंगचा खड्डा एप्रिल-मे महिन्यांत कोरडा पडून निरुपयोगी होतो. त्यात नियमाने पाणी घालणे, हा सर्व्हरच्या देखभालीचाच भाग समजावा. तीन पिनांच्या प्लगाची जाड पिन काढून तो दोन पिनांच्या सॉकेटात बसविण्याची जी हिकमत आपल्याकडे रूढ आहे, ती अर्थातच सर्वथा वर्ज्य.

इन्व्हर्टर आहे म्हणजे यूपीएसची आवश्यकता नाही, हा समज अर्धाच खरा आहे. वीज गेल्यावर पुरवठा इन्व्हर्टरवर जाईपर्यंतचा क्षण एसएमपीएसला आपल्या पोटातील साठ्यावर काढावा लागतो, आणि पूर्ण भारावर हा साठा जेमतेम १६-१७ मिलिसेकंद टिकतो. इन्व्हर्टरला ‘यूपीएस’ असा स्वतंत्र मोड असेल तर तो लावावा. नसेल तर सर्व्हरपुरता ६०० व्हीएचा लहान यूपीएस घ्यावा, आणि घेताना त्याच्या पाठीमागे यूएसबीचे डेटा पोर्ट आहे की नाही हे आवर्जून पाहावे, कारण त्या पोर्टाच्या द्वारे ‘नट’ या नावाचे मोफत सॉफ्टवेअर बॅटरी संपत आल्याचे ओळखून सर्व्हर रीतसर बंद करू शकते. स्वस्त यूपीएसांना हे पोर्ट बहुधा नसते. त्यांच्यातील १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासांची बॅटरी आपल्याकडील उष्म्यात दोन-तीन वर्षांत निवृत्त होते, हेही ध्यानात ठेवावे.

पावसाळ्यात सातपुड्याच्या या पट्ट्यात विजा चमकू लागल्या की यूपीएसवर विसंबून न राहता सर्व्हर रीतसर बंद करून प्लग काढावा. तेवढ्याने मात्र भागत नाही. राउटरकडून येणारी नेटवर्क केबलही काढावी लागते. फायबरच्या काचेतून वीज येत नसली, तरी राउटरच्या अडॅप्टरमधून आणि तांब्याच्या केबलमधून ती येऊ शकते.

यंत्र उठतच नसेल तर

पंखे फिरतात पण पडद्यावर काही येत नाही, अशा वेळी सर्व डिस्का, जादा कार्डे आणि यूएसबीच्या वस्तू काढून मदरबोर्ड, प्रोसेसर, रॅमची एकच पट्टी आणि एसएमपीएस एवढाच संसार शिल्लक ठेवावा. यावर यंत्र उठले तर एकेक वस्तू परत जोडत जावे. न उठले तर रॅमची पट्टी बदलून, मग तिची जागा बदलून पाहावे. पट्टीचे सोनेरी दात खोडरबराने घासण्याची आपल्या दुरुस्तीवाल्यांची पद्धत काम देते, परंतु रबराचा चुरा जागेत राहतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि स्वच्छ कापड अधिक बरे. यंत्र उठल्यावर ‘मेमटेस्ट ८६ प्लस’ रात्रभर चालू ठेवावे. घरातील इतर संगणकावर रॅमची चूक म्हणजे फार तर एखादा बंद पडलेला कार्यक्रम. सर्व्हरवर तीच चूक फायलीत कायमची लिहिली जाते, आणि ती उघडकीस येते तेव्हा फार उशीर झालेला असतो. यास्तव चाचणीत एकही चूक दिसली तर ती पट्टी निःसंकोचपणे बाद करावी.

एसएमपीएसची शंका असल्यास मल्टिमीटरने चार पिनांच्या जुन्या कनेक्टरवर पिवळ्या आणि काळ्या तारेत १२ व्होल्ट, लाल आणि काळ्या तारेत ५ व्होल्ट येतात की नाही ते पाहावे. पाच टक्क्यांचा फरक मान्य आहे, म्हणजे ११.४ ते १२.६ आणि ४.७५ ते ५.२५. ही मोजणी डिस्का चालू असताना करावी, कारण भार नसताना निकामी एसएमपीएसही सज्जनासारखे वागते. एसएमपीएसची पेटी उघडून तिच्या आत हात घालू नये. प्लग काढल्यावरही तिच्या मोठ्या कपॅसिटरमध्ये वीज काही काळ टिकून असते.

काही अडचणी वास्तविक दोष नसून केवळ सेटिंगच्या असतात, परंतु त्यांनी माणूस हैराण होतो:

- कीबोर्ड आणि मॉनिटर काढून यंत्र कपाटावर ठेवले की ते सुरू होत नाही. जुने बोर्ड कीबोर्ड न सापडल्यास ‘एफ-१ दाबा’ असा संदेश देऊन थांबून राहतात. बायॉसमध्ये चुकीवर थांबण्याची सूचना बंद करावी.
- वीज परत येते, सर्व्हर मात्र झोपलेलाच राहतो. बायॉसमध्ये वीज आल्यावर आपोआप सुरू होण्याची सोय शोधून ती चालू करावी.
- प्रत्येक वेळी घड्याळ मागच्या सालात जाते आणि वरील सेटिंगेही पुसली जातात. सीआर २०३२ ही नाण्याएवढी बॅटरी बदलावी. नवीचे ३ व्होल्ट मोजून घ्यावेत.

डिस्क दिसत नाही

आता ज्या तक्रारीसाठी हा लेखप्रपंच, तिच्याकडे वळू. डिस्क प्रणालीत दिसत नाही असे म्हणण्यापूर्वी ती बायॉसमध्ये दिसते काय हे पाहावे. बायॉसमध्ये दिसत असेल तर दोष विभागणीचा किंवा सॉफ्टवेअरचा असण्याचा संभव अधिक. तेथेही दिसत नसेल तर हाताने तिचा स्पर्श पाहावा. आत फिरणाऱ्या तबकडीचा सूक्ष्म कंप जाणवतो काय?

कंप जाणवत असेल तर साटाची डेटा केबल आणि मदरबोर्डावरचे पोर्ट क्रमाने बदलावे. पुष्कळ बोर्डांवर एम-२ जातीची एसएसडी बसविली की साटाचे एखादे वा दोन पोर्ट आपोआप बंद होतात. याचा उल्लेख बोर्डाच्या पुस्तिकेत असतो, आणि पुस्तिका कोणी वाचत नाही.

कंप जाणवत नसेल तर डिस्कला वीज पोचत नाही असे समजावे. साडेतीन इंची डिस्क स्थिर गतीत ५ ते ८ वॉटवर समाधानी असते. परंतु तबकडी फिरवण्याच्या पहिल्या काही सेकंदांत तिला १२ व्होल्टच्या तारेवर सुमारे २ अँपिअर लागतात. चार डिस्का एकाच क्षणी उठल्या तर मागणी ८ अँपिअरवर, म्हणजे सुमारे ९६ वॉटवर जाते. लेबलावर मोठ्या अक्षरांत ‘४५० वॉट’ लिहिलेले स्वस्त एसएमपीएस अशा वेळी मान टाकते. म्हणून खरेदी करताना मोठा आकडा न पाहता १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर लिहिले आहेत ते पाहावे. जुन्या चार पिनांच्या कनेक्टरवरून साटाची वीज काढणारे जे साच्यात ओतलेले प्लास्टिकचे अडॅप्टर पन्नास रुपयांत मिळतात, त्यांच्या आत तारा परस्परांना टेकून वितळल्याची आणि पेट घेतल्याची उदाहरणे प्रसिद्ध आहेत. घ्यावयाचेच झाल्यास तारा वेगवेगळ्या खुपसून बसविलेले घ्यावे.

एक चमत्कारिक प्रकार येथेच सांगून ठेवतो. बाहेरच्या यूएसबी पेटीतील डिस्क स्वस्त पडते म्हणून पेटी फोडून ती सर्व्हरमध्ये बसविणाऱ्यांना पूर्णपणे धडधाकट डिस्क मेल्यासारखी भासते. साटाच्या वीज-कनेक्टरच्या तिसऱ्या पिनेवर पूर्वी नुसते ३.३ व्होल्ट असत. नव्या प्रमाणानुसार त्याच पिनेवरून डिस्क बंद करण्याची आज्ञा दिली जाते, आणि जुने एसएमपीएस तेथे सतत ३.३ व्होल्ट देत असल्याने डिस्क निमूटपणे बंद राहते. त्या पिनेवर उष्णतारोधक पिवळ्या कॅप्टॉन टेपची बारीक पट्टी लावावी, किंवा ३.३ व्होल्टची तारच नसलेला वर सांगितलेला अडॅप्टर वापरावा. पेटी फोडल्याने हमी अडचणीत येते, हा हिशेब मात्र आधीच करावा.

डिस्क दिसते पण अर्धवट आकाराची, किंवा रिकामी दिसते, यालाही कारणे आहेत. जुन्या पद्धतीच्या एमबीआर विभागणीत ५१२ बाइटच्या सेक्टरने सुमारे २.२ टेराबाइटच्या पुढे मोजताच येत नाही. तेथे जीपीटी विभागणी करावी लागते. काही यूएसबी पेट्या सेक्टरचा आकार निराळा भासवितात, त्यामुळे पेटीतून काढलेली डिस्क थेट जोडली असता तिच्यावरील माहिती नाहीशी झाल्यासारखी वाटते आणि संगणक ‘फॉरमॅट करावयाचे काय?’ असे विचारतो. येथे ‘होय’ म्हणू नये. डिस्क जुन्या पेटीत परत घातली की माहिती जशीच्या तशी दिसते. ती अन्यत्र उतरवून घ्यावी आणि मगच विभागणी करावी.

ज्यांनी जुन्या संगणकाऐवजी रास्पबेरी पाय हा पत्त्यांच्या जोडाएवढा बोर्ड घेतला आहे त्यांनी पडद्याच्या कोपऱ्यात विजेचे चिन्ह उमटते काय ते पाहावे. ते अपुऱ्या पुरवठ्याचे चिन्ह आहे. चौथ्या आवृत्तीला ५.१ व्होल्ट आणि ३ अँपिअर लागतात, फोनचा कोणताही चार्जर चालत नाही. शिवाय तिच्या चारही यूएसबी पोर्टांना मिळून १.२ अँपिअरच मिळतात. दोन डिस्का लावावयाच्या असतील तर स्वतःचा अडॅप्टर असलेला यूएसबी हब घेणे अपरिहार्य आहे.

डिस्क दिसते, भरवसा ठेवावा काय?

प्रत्येक डिस्क आपल्या प्रकृतीची नोंदवही स्वतःच ठेवीत असते. तिला ‘स्मार्ट’ म्हणतात, आणि ट्रूनॅस वा ओपनमीडियाव्हॉल्ट यांसारख्या प्रणालींत ती वाचण्याची सोय असते. तीतील पुढील क्रमांकांपुरते पाहिले तरी निर्णयास पुरेसे आहे.

- ५, १९७ आणि १९८: निकामी होऊन बदलले गेलेले, संशयित आणि वाचताच न येणारे सेक्टर. १९७ वा १९८ शून्याच्या वर असेल, किंवा ५ दर आठवड्याला वाढत असेल, तर डिस्क बदलण्याची तजवीज करावी.
- १९९: केबलवरून जाताना झालेल्या चुका. हा आकडा वाढला की दोष बहुधा केबलचा अथवा जोडणीचा. एकदा वाढलेला आकडा कमी होत नाही. म्हणून आजचा आकडा वहीत टिपून, केबल बदलून, आठवड्याने पुन्हा पाहावा. स्थिर राहिला तर डिस्क निर्दोष मानावी.
- ९: डिस्क एकूण किती तास चालली. ‘नवी’ म्हणून घेतलेल्या डिस्कवर हजारो तास दिसले तर विक्रेत्याकडे तत्काळ जावे.

या शेवटच्या आकड्यावरही आंधळा विश्वास ठेवू नये. २०२५च्या आरंभी जर्मनीत असे उघडकीस आले, की हजारो तास वापरलेल्या सीगेटच्या डिस्का या नोंदी पुसून नव्या म्हणून बाजारात विकल्या गेल्या होत्या. त्या पकडल्या गेल्या त्या ‘फार्म’ नावाच्या दुसऱ्या, अधिक खोलवरच्या नोंदींमुळे. स्मार्टमॉनटूल्स या मोफत साधनाच्या ७.४ आणि नंतरच्या आवृत्तींत सीगेटच्या डिस्कांपुरत्या त्या वाचता येतात.

डिस्कमधून टक्‌टक् असा लयबद्ध आवाज येऊ लागल्यास तिला त्याच क्षणी बंद करावे. दुरुस्तीचे सॉफ्टवेअर तिच्यावर वारंवार चालविणे म्हणजे उरलेली माहितीही घालविणे होय. माहिती मोलाची असेल तर ती डेटा परत मिळवून देणाऱ्या तज्ज्ञाकडे द्यावी. डिस्क शीतकपाटात ठेवल्याने बरी होते ही लोकश्रुती आपल्या दमट हवेत तर सर्वथा घातक, कारण बाहेर काढताच आत दव धरते. आवाज नसून केवळ काही सेक्टर वाचता येत नसतील, तर ‘डीडीरेस्क्यू’ने संपूर्ण प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्यावी आणि पुढील सर्व प्रयोग त्या प्रतीवर करावेत.

वेग कमी का पडतो?

फायली सर्व्हरवर चढताना वेग किती दिसतो, एवढ्यावरूनच दोषाचा माग लागतो. सेकंदाला ११-१२ मेगाबाइट हा आकडा स्थिर राहत असेल, तर जोडणी १०० मेगाबिटवर अडकली आहे. ३० ते ४० असेल तर डिस्क जुन्या यूएसबी २.० पोर्टात आहे. ११० च्या आसपास असेल तर गिगाबिट नेटवर्कची मर्यादा आपण गाठली असून तक्रारीला जागा नाही.

१०० मेगाबिटला दोन जोड्या पुरतात, गिगाबिटला चारही लागतात. त्यामुळे उरलेल्या दोन जोड्यांतील एखादी तार तुटली तरी जोडणी चालू राहते आणि फक्त मंदावते. प्लग नव्याने चिमटावा, आणि राउटरचे पोर्ट १०० मेगाबिटचेच नाही ना हेही पाहून घ्यावे. केबल निवडताना आणखी एक फसवणूक टाळावी: अल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली केबल शुद्ध तांब्याची म्हणून सर्रास विकली जाते. तारेचे टोक चाकूने खरवडले की आतून पांढरे दिसते. ज्या जिल्ह्याच्या मलाजखंडात देशातील सर्वांत मोठी तांब्याची खाण आहे, तेथील ग्राहकाने अल्युमिनियम तांब्याच्या भावाने घ्यावे, हे काही बरे नव्हे.

उष्मा आणि धूळ

डिस्क ६० अंशांपर्यंत चालते असे उत्पादक लिहितात. आपण ४५ च्या आत राखावी. मे महिन्यात बंद कपाटात ठेवलेला सर्व्हर ही मर्यादा सहज ओलांडतो. पेटीच्या जाळीतून मुंग्या आणि पाली एसएमपीएसमध्ये शिरतात, तेव्हा वर्षातून दोनदा, पावसाळ्याच्या आधी आणि नंतर, पेटी उघडून साफ करावी. दिवसरात्र चालणारा ५० वॉटचा सर्व्हर महिन्याला ३६ युनिट वीज खातो. हाही आकडा निर्णयात धरावा.

खरेदी, हमी आणि आपले हक्क

१ नोव्हेंबर १९५६ रोजी आपली राजधानी नागपूरहून भोपाळला गेली, तरी बाजारहाटाची वाट अद्याप गोंदिया-नागपूरकडेच जाते. आणि दुसऱ्या राज्यातून घेतलेल्या वस्तूची तक्रार कोठे करावी, या संभ्रमातच पुष्कळ ग्राहक गप्प बसतात. १९८६च्या कायद्याखाली तक्रार सामान्यतः विक्रेता जेथे असेल अथवा तक्रारीचे कारण जेथे घडले असेल तेथे करावी लागे. जुलै २०२० पासून अमलात आलेल्या ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ अन्वये आपण जेथे राहता वा काम करता तेथील जिल्हा आयोगाकडेही दाद मागता येते. अर्थात डिस्क नागपूरच्या सीताबर्डीत घेतलेली असली, तरी तक्रार बालाघाटात दाखल होऊ शकते.

दुकानात उभे असतानाच पुढील गोष्टी पाहाव्यात. जीएसटीचे पक्के बिल आणि त्यावर डिस्कचा अनुक्रमांक घ्यावा, आणि तो अनुक्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर घालून हमीची मुदत तेथल्या तेथे ताडून पाहावी. बिल न देणे हीच कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा आहे. ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ असा शिक्का बिलावर असला तरी घाबरून जाऊ नये: सदोष माल बिलातील मुदतीत, आणि तशी मुदत नसल्यास ३० दिवसांत परत घेण्यास नकार देणे, हेही त्याच सदरात मोडते. ऑनलाइन खरेदी असेल तर २०२०च्या नियमांनुसार तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यावी आणि महिन्याभरात तक्रारीचा निकाल लावावा.

एवढ्याने काम न झाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी, आणि तरीही समाधान न झाल्यास जिल्हा आयोगाकडे अर्ज करावा. कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. वस्तूची दिलेली किंमत ५ लाख रुपयांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. वकील देणे सक्तीचे नाही. फोटो स्टुडिओ चालविणाऱ्यांनी आपण व्यावसायिक आहोत म्हणून माघार घेऊ नये. केवळ स्वतःच्या उपजीविकेसाठी स्वयंरोजगार म्हणून वस्तू घेतलेली असेल तर कायद्याच्या दृष्टीने आपण ग्राहकच आहात. अर्जासोबत बिल, अनुक्रमांकाचे छायाचित्र, विक्रेत्याशी झालेला लेखी व्यवहार, स्मार्टच्या नोंदींची छापील प्रत आणि ती तारीखवार वही जोडावी.

हमी डिस्कची असते, तिच्यावरील माहितीची नव्हे. म्हणून डिस्क कंपनीकडे पाठविण्यापूर्वी, ती चालत असेल तर प्रत घेऊन संपूर्ण पुसावी. मुळीच चालत नसेल आणि तिच्यावर खाजगी कागद असतील, तर हमीचा लाभ सोडावयाचा की कागद परक्याच्या हाती द्यावयाचे, हा निर्णय आपणच घ्यावयाचा आहे. यासाठी प्रणाली बसवितानाच डिस्क एन्क्रिप्ट करणे हा शहाणपणाचा मार्ग आहे. बदलीत मिळणारी डिस्क बहुधा दुरुस्त करून दिलेली असते; तिच्यावर स्मार्टची दीर्घ चाचणी पुरी झाल्याशिवाय, आणि मोठ्या डिस्कला त्यास दिवसभर लागू शकतो, एकही फाइल चढवू नये.